पाणघोड्याशेजारची नोकरी

४ मार्च, सोमवार

ही वही नातीने आणून दिली. म्हणाली, "आजी, तुझ्या गप्पांना घरात कान कमी पडायला लागले. आता वहीला सांग. ती उठून जात नाही." कारटी आगाऊ आहे, पण वही चांगली आणली. रेघा ठळक आहेत. चौथीनंतर मी कुठे काही लिहिलं? दुधाचा हिशेब आणि कुणाच्या बारशाची पत्रं, एवढंच. अक्षर जिलबीसारखं येतंय, येऊ दे. वाचणार कोण आहे!

तर सांगण्यासारखी गोष्ट ही, की मला नोकरी लागली. या वयात! लेक बोटीवर आहे, त्याला फोनवर सांगितलं तर तो हसतच सुटला. म्हटलं, हस, बापासारखाच आहेस.

माझी सून विद्यापीठाच्या प्राणिसंग्रहालयाची प्रमुख आहे. जिवंत प्राण्यांचं नाही हं, मेलेल्यांचं. पेंढा भरलेले, सांगाडे, बरणीतले, टाचणीला टोचलेले. तिच्या हुद्द्याचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही. तिथे दाराशी एक शिपाई असायचा, त्याला कमी केलं. विद्यापीठात काटकसर चालली आहे म्हणे. आणि नियम असा, की दाराशी माणूस नसेल तर दालन उघडायचं नाही. काल सून भाजी चिरता चिरता म्हणाली, "आई, तुम्ही येऊन बसाल का? पगार मिळणार नाही पण."

मी म्हटलं, "अगं, जन्मभर बिनपगारीच केलं. तिथे निदान खुर्ची तरी आहे."

ती हसली आणि मग बराच वेळ डोळे पुसत राहिली. कांदा फार तिखट निघाला असेल. मी मात्र रात्रीपासूनच चपला पुसून ठेवल्या.

६ मार्च, बुधवार

माझी खुर्ची पाणघोड्याशेजारी आहे. हा पाणघोडा ज्याने भरला त्याने जिवंत पाणघोडा कधी पाहिला नसावा. चक्क हसतो! लग्नात फोटो काढताना नवरदेवाचा मामा हसतो ना, तसा. मी त्याला मामाच म्हणते. सकाळी गेल्यावर आधी मामाची धूळ झटकते, मग बसते.

आत पक्ष्यांची मोठी कपाटं आहेत. कप्पा ओढला की पक्षी ओळीने उताणे निजलेले, पायाला चिठ्ठ्या बांधलेल्या. बाळंतिणींच्या वॉर्डात बाळं ठेवतात तशी. एका कप्प्यात नुसत्या चिमण्याच. मी सुनेला विचारलं, "अगं, एकच चिमणी इतक्यांदा कशाला? एक दाखवली की कळतं की माणसाला."

ती म्हणाली, "आई, ही शंभर वर्षांपूर्वीची, आणि ही आत्ताची. पोटाचा रंग बघा. तेव्हा गावात कोळसा जळायचा, पिसांत काजळी बसलेली आहे. तेव्हाची हवा कशी होती हे सांगायला आता कुणी उरलं नाही. या आहेत."

मग मी एकेकीकडे नीट पाहिलं. खरंच की, ही काळपट, ती उजळ. सून बोलताना अशी फुलली होती, की लग्नानंतर घरात पाऊल टाकलं तेव्हाची आठवली.

तिथे पेंढा भरणारे काका आहेत, ते आणि सून, अशी दोनच माणसं. पूर्वी खूप होती म्हणे. आता शांत आहे, छान वाटतं. गर्दी मला मानवत नाही.

११ मार्च, सोमवार

आज मोजपट्टी घेऊन एक तरुण आला. सगळं दालन मोजलं, खिडक्या मोजल्या, मामाचीही लांबी घेतली. मी त्याला माझ्या डब्यातला लाडू दिला. गोड मुलगा. म्हणाला, "आजी, ही कपाटं गेली तर इथे केवढी मोठी परीक्षेची जागा होईल!" मी म्हटलं, "होईल की. जागा ऐसपैसच आहे." घरी येऊन सुनेला सांगितलं, तर ती ताटावरून उठली. पोट बिघडलंय तिचं. हल्ली नीट जेवतच नाही. ओवा दिला.

१५ मार्च, शुक्रवार

बरंच लिहायचं आहे पण गुडघा ठणकतोय. कारण असं, की पक्ष्यांच्या कपाटांच्या डोक्यावरून एक जुना पाण्याचा नळ जातो, तो गळतो. सुनेने कपाटांवर प्लास्टिक टाकलंय आणि खाली बादल्या मांडल्यात. दिवसभर टप्, टप्. मी रोज बादल्या उचलून ओतते, म्हणून गुडघा. सून म्हणते, "तुम्ही नका उचलू." पण मग कोण उचलणार? काकांची पाठ धरलेली, ती सदा कॉम्प्युटरशी. नळ बदलायला विद्यापीठ पैसे देईना म्हणे. दोन वर्षं झाली अर्ज करून.

एक चिमणी मी उन्हात ठेवली होती, दमट वाटली म्हणून. सुनेने धावत येऊन काढली. रंग उडतो म्हणे. मला काय ठाऊक? आपण डाळीला ऊन दाखवतोच की. काही रागावली नाही. ती कधीच रागावत नाही माझ्यावर. शेजारणीच्या सुना कशा तोंड सोडतात, आमची मात्र लक्ष्मी. सगळ्या गल्लीला सांगून झालंय माझं.

१९ मार्च, मंगळवार

उद्या मोठी माणसं येणार, तपासायला. खर्चाच्या खात्याच्या मॅडम आणि त्यांची मंडळी. त्या पाहतील आणि ठरवतील, नळाला पैसे द्यायचे का, आणि संग्रहालय पुढच्या वर्षी ठेवायचं का. ठेवायचं का म्हणजे काय? ठेवायचंच. एवढी जनावरं काय रस्त्यावर सोडणार?

सून आज काकांशी हळू आवाजात बोलत होती. "बघू देत," म्हणाली. "एकदा डोळ्यांनी बघू देत." आणि घरी मला म्हणाली, "आई, उद्या तुम्ही बारानंतरच या. आणि तिथलं काही हलवू नका हं. आहे तसंच राहू दे."

किती काळजी माझ्या गुडघ्याची! पोटच्या पोरीला सुचणार नाही इतकी.

पण मला का कळत नाही? घरात मोठे पाहुणे यायचे आणि दालनात बादल्यांची रांग, भिंतीचे पोपडे, कोपऱ्यात अंधार! पोरीला वेळ कुठाय आवरायला? आपलं उणं आपल्या घरात. झाकली मूठ सव्वा लाखाची. माझ्याकडे किल्ली आहेच. सकाळी लवकर जाणार. नातीला सांगितलं नाही, ती चुगलीखोर आहे.

२० मार्च, बुधवार

काय सांगू आजचा दिवस!

सकाळी कुणी यायच्या आत गेले. घरातले दिवे नेले होते, अंधाऱ्या कोपऱ्यात लावले. पोपड्यांवर जुना प्राण्यांचा मोठा नकाशा टांगला. मामाचं पोट एका बाजूने उसवलंय, तिथून पेंढा डोकावतो. त्याला ढकलणं काही मला जमलं नाही, म्हणून त्याच्या कडेला कुंड्या मांडल्या. आणि नळाचं काय केलं? कपाटांवरचं प्लास्टिक काढलं, खुर्चीवर चढून नळाला सुतळी बांधली आणि तिचं दुसरं टोक कपाटामागे सोडलं. थेंब सुतळीवरून घरंगळत जातो, खाली पडत नाही. कपाटामागे एक बादली, बाकी सगळ्या मोरीत. आवाज नाही, ओल नाही. माझ्या सासूबाईंनी शिकवलेली युक्ती. फरशी पुसली. दालन असं झळकलं, की मामा आणखीच हसायला लागला.

मॅडम आल्या, बरोबर तिघे, आणि सून. सून दारातच थबकली. मी खुर्चीवरून उठून सगळ्यांना या बसा केलं.

मॅडम फार चांगल्या. माझ्यासारखाच त्यांचा गुडघा. तेल कोणतं लावायचं ते सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. म्हणाल्या, "किती छान ठेवलंय! आम्ही तर ऐकलं होतं, पडझड झाली आहे."

सून म्हणाली, "मॅडम, इथे वर बघा, पाणी गळतं, या कपाटांवर…" आणि वर पाहिलं. तिची नजर सुतळीवर गेली. सुतळीवरून कपाटामागे गेली. मग माझ्याकडे आली. मी डोळ्यांनीच म्हटलं, काळजी करू नको, सगळं बघितलंय मी.

"थांबलेलं दिसतंय," मॅडम म्हणाल्या.

सुनेने तोंड उघडलं आणि मिटलं. पोरगी बुजरी आहे. म्हणून मीच बोलले. "अहो, थोडंसं होतं, काही विशेष नाही. आमची सून सगळं एकटी सांभाळते. तिला माणूस लागतच नाही! सकाळी येते ती दिवे लागल्यावर घरी. कधी तक्रार म्हणून नाही."

"अशी माणसं मिळत नाहीत हल्ली," मॅडम म्हणाल्या, आणि त्यातल्या एकाने काहीतरी लिहिलं.

ते गेल्यावर सून माझ्या खुर्चीत बसली. काका म्हणाले, "आजी, हे काय केलंत तुम्ही?" मी म्हटलं, "कौतुक नंतर करा, आधी चहा पाजा." सून म्हणाली, "काका, राहू दे. राहू दे ना." मग तिने खुर्चीवर चढून सुतळी सोडली, प्लास्टिक टाकलं आणि बादल्या पुन्हा मांडल्या. पाहुणे गेल्यावर मांडून काय उपयोग, पण असो, सवय.

२२ मार्च, शुक्रवार

सून घरात चालते-बोलते, पण जशी दुसऱ्या खोलीत आहे. मी विचारलं, "बाई, काही दुखतंय का?" म्हणाली, "नाही, आई." तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा तेच.

२६ मार्च, मंगळवार

निकाल आला. संग्रहालयाची स्थिती उत्तम, त्यामुळे दुरुस्तीला पैसे नाहीत. आणि काम एका माणसाने नीट होतं, त्यामुळे काकांची गरज नाही.

काकांनी त्यांच्या सुया, चिमटे, काचेच्या डोळ्यांचा डबा असं सगळं पिशवीत भरलं. मामाजवळून जाताना त्याच्या पाठीवर थाप मारली. माझ्याशी बोलले नाहीत. मला फार वाईट वाटलं. मी मॅडमविषयी नातीला म्हटलं, "बाई चांगली वाटली गं, असं कसं केलं?"

नात बूट काढत होती. तिने एक बूट तसाच हातात धरला. "आजी, तुला खरंच कळलं नाही?"

"काय?"

"त्या बादल्या आईने मुद्दाम ठेवल्या होत्या. त्यांना दिसाव्यात म्हणून. म्हणून तर तुला बारानंतर ये म्हणाली होती. आणि तू सगळं आवरलंस."

मी म्हटलं, "मग तिने तेव्हाच का नाही सांगितलं? सुतळी तर तिने पाहिली होती."

नात म्हणाली, "चारचौघांत तुला काय म्हणणार ती? की माझ्या सासूने लपवलं?"

मग ती आत गेली. मी भाकरी करायला घेतली आणि तवा तापत ठेवून तशीच उभी राहिले. धूर झाला तेव्हा कळलं.

२७ मार्च, बुधवार

सुनेजवळ गेले. म्हटलं, "बाई, मला बोल. काय वाटेल ते बोल."

ती म्हणाली, "कशाबद्दल, आई? तुम्ही चांगल्यासाठीच केलंत." आणि गॅस पुसायला लागली. स्वच्छ गॅस. पुसतच राहिली.

हे जे 'चांगल्यासाठी' म्हणाली ना, ते थोबाडीत मारल्यापेक्षा लागलं. थोबाडीत मारली असती तर गाल चोळून मोकळी झाले असते.

आज दालनात कुणी आलं नाही. मी नुसती टप् टप् ऐकत बसले. शांत आहे, शांत आहे, म्हणून मीच नाचत होते. आता ती शांतता खायला उठते.

२८ मार्च, गुरुवार

मीच बिघडवलं, मीच निस्तरणार. मॅडमना भेटायला गेले, कुणाला न सांगता. दोन बस बदलल्या. त्यांच्या शिपायाला म्हटलं, गुडघ्याच्या तेलवाल्या आजी आल्यात म्हणून सांग. लगेच आत बोलावलं! मला वाटलं, झालं काम.

मी सगळं सांगितलं. सुतळी, बादल्या, नकाशामागचे पोपडे, मामाचं उसवलेलं पोट. म्हटलं, "मॅडम, दोष माझा. सुनेने काही लपवलं नाही. नळ कधी फुटेल नेम नाही. छताचा तुकडासुद्धा पडला होता एकदा, माझ्या खुर्चीपासून हातभर. तेवढे पैसे द्या, आणि आमच्या काकांना परत घ्या."

त्यांनी माझा हात धरून ठेवला होता सगळा वेळ. म्हणाल्या, "छताचा तुकडा पडला? तुमच्याजवळ?"

"अगदी जवळ! वाचले म्हणून." मी थोडं वाढवूनच सांगितलं. तुकडा बोटाएवढा होता.

"बरं झालं सांगितलंत, आजी," त्या म्हणाल्या. "उद्या कुणाच्या डोक्यात पडलं असतं तर?" आणि फोन उचलला.

येताना बसमध्ये मला बसायला जागा मिळाली, खिडकीची. मी अख्ख्या रस्त्यात सुनेला कसं सांगायचं, आधी हसवायचं की आधी सांगायचं, एवढंच ठरवत होते.

२९ मार्च, शुक्रवार

सकाळी दालनाला विद्यापीठाचं कुलूप. इमारत धोकादायक, कायमची बंद. धोकादायक जागेवर पैसे घालता येत नाहीत म्हणे.

नीट होतं म्हणून पैसे नाहीत, आणि मोडकं आहे म्हणून पैसे नाहीत. मग कसं असायला हवं होतं? कुणी मला सांगेल का, कसं असायला हवं होतं?

सून दारासमोर उभी होती. कुलपाला हात लावून पाहत होती, जसं ताप पाहावा. तिला फोनवर सगळं कळलं होतं, मी गेले होते तेही. म्हणाली, "चला आई, ऊन लागेल तुम्हाला."

मी म्हटलं, "ओरड गं माझ्यावर."

ती म्हणाली, "चला."

२ एप्रिल, मंगळवार

देवाला काही मागायचीही हिंमत होत नाही. मी मागितलेलं उलटंच मिळतं.

सून दिवसभर फोन करते. दुसऱ्या संग्रहालयांना, शाळांना, कॉलेजांना. "हो, पक्षी आहेत. हो, बरण्या पण. नाही, जागा नसेल तर… बरं." 'बरं' म्हणताना तिचा आवाज एवढा एवढासा होतो. लांबच्या एका संग्रहालयाने पक्ष्यांचे फक्त निम्मे कप्पे घ्यायचं कबूल केलंय. ट्रक त्यांचा, बांधाबांध आपली. निम्मे कुठले, ते तिने ठरवायचं. आज जेवणाच्या टेबलावर बसून ठरवत होती. एक नाव लिहायची, खोडायची, परत लिहायची. चार लेकरांतली दोन न्या म्हटलं तर कुठल्या आईने कसं निवडायचं? मामाला कुणीच घेत नाही. तो ट्रकमध्ये मावत नाही, आणि उसवलेला आहे.

मी फोनवर लेकाला म्हटलं, "मला तुझ्याकडे बोटीवर ने." तो म्हणाला, "आई, बोटीवर काय करशील?" खरंच आहे. तिथेही काहीतरी आवरेन आणि बोट बुडेल.

५ एप्रिल, शुक्रवार

एका दिवसापुरतं दालन उघडून दिलं. डोक्यावर पिवळ्या टोप्या घालून जायचं. सून, नात, मी. काका पण आले, बोलावलं नव्हतं तरी. माझ्याकडे बघून म्हणाले, "टोपी उलटी घातलीत, आजी." एवढं बोलले, मला रडू आलं.

सुनेने दाखवलं, प्रत्येक पक्षी कापसात गुंडाळायचा, खोक्यात एकाआड एक ठेवायचा. वरून टप् टप् चालूच होतं. मी चिमण्यांच्या कप्प्याशी होते. म्हटलं, पटापट करू, पोरीचा भार हलका करू. एका हातात दोन दोन उचलत होते, शेपटीला धरून, मेथीच्या जुड्या धरतो तसं.

"आई!"

अशी किंचाळली, की नातीच्या हातातलं खोकं पडलं.

"शेपटीला नाही धरायचं! पिसं तुटतात! किती वेळा सांगितलं मी तुम्हाला! हात लावू नका म्हटलं होतं, आहे तसं राहू दे म्हटलं होतं! एक गोष्ट, आयुष्यात एकच गोष्ट सांगितली होती तुम्हाला! दोन वर्षं मी त्या पाण्यासाठी दारोदार फिरले, आणि तुम्ही सुतळी बांधलीत! कोण म्हणालं होतं आवरा म्हणून? आणि मला न विचारता त्या बाईकडे गेलात! माझं सगळं, आई, माझं सगळं होतं हे!"

तिच्या कपाळावरची शीर फुगली होती. टोपी एका कानावर आली होती. काकांनी तोंड भिंतीकडे केलं. नात माझ्याकडे धावली, तर मी तिला हाताने थांबवलं. मला मधे कुणी नको होतं. मी सगळं उभ्याने घेतलं. एक शब्दही खोटा नव्हता. चांगल्यासाठी केलं, हे तिने माझ्या वतीने आधीच म्हणून ठेवलं होतं, आणि त्याचा काही उपयोग झाला नव्हता.

मग ती खाली बसली, ओल्या फरशीवरच, आणि मोठ्याने रडली. या घरात आल्यापासून मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मी तिच्याजवळ बसले. गुडघा कडकडला. हातातली चिमणी कुठे ठेवावी कळेना, म्हणून तशीच धरून बसले. पाठीवरून हात फिरवायची हिंमत झाली नाही. सुनेच्या पाठीवर हात फिरवायचा हक्क सासूला असतो, पण माझ्याकडे तो अजून उरला होता की नाही, कोण जाणे.

बऱ्याच वेळाने तिने बाहीने नाक पुसलं. माझ्या हाताकडे पाहिलं. मी अजून शेपटीलाच धरून होते.

"अशी नाही," ती म्हणाली. तिने माझी मूठ सोडवली, तळहात उघडला, चिमणी त्यावर उताणी ठेवली आणि माझी बोटं एकेक करून तिच्याभोवती मिटली. "खालून आधार द्यायचा. डोकं इथे. दाबायचं नाही."

"अशी?"

"हं."

काळपट पोटाची होती, जुन्यांपैकी. वजनच नव्हतं तिला. मी कापसात गुंडाळली, खोक्यात ठेवली. सुनेने पाहिलं आणि काही सुधारलं नाही.

मग ती उठली, टोपी सरळ केली. तिचा आवाज बसला होता.

"पुढचा कप्पा काढा, आई," ती म्हणाली.

मी काढला.